पाटी नसलेल्या खानावळी

एडवर्ड लिअर म्हटलं की पाच ओळींच्या वेडगळ कविता आठवतात. पण हा गृहस्थ पोट भरायचा ते निसर्गचित्रांवर. १८७३ साली तो मुंबईला उतरला आणि वर्षभर हिंदुस्थानात चित्रं काढत हिंडला. त्या चित्रांच्या नादानं मी त्याचं मिळेल ते वाचत गेलो आणि त्याच्या अल्बेनियाच्या रोजनिशीपाशी पोचलो. १८४८ साली, ऐन छत्तिशीत, दम्यानं आणि अपस्मारानं गांजलेला हा माणूस घोड्यावर बसून ऑटोमन साम्राज्याच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात गेला होता. तिथल्या सराया त्याला मुळीच मानवल्या नाहीत. घाण आणि किडे यांच्या तक्रारी पानोपानी आहेत. पण कुणाच्या घरी उतरला की त्याची लेखणी नरमते. क्रुयाच्या पोरसवदा बेला, म्हणजे तिथल्या सरदाराला, आगगाडी आणि आगबोट यांचं भारी कुतूहल, तर लिअरनं दोन्हींचे आवाज तोंडानं काढून दाखवले!

हे वाचून झालं त्या सुमारास एक मित्र तिराना बघून आला होता. ‘‘खायला काय मिळालं?’’ तर म्हणाला, ‘‘अरे, निम्मं इटालियन, निम्मं तुर्की. त्यांचं स्वतःचं काही नाहीच.’’ एका अख्ख्या देशाला स्वतःचं जेवण नाही, हे मला पटेना. निघालो.

तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्या अल्बेनियन वंशाच्या. जन्म मात्र स्कोप्येचा. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहायच्या. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीनं मायलेकींची गाठ पडू दिली नाही. आई आणि बहीण दोघी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथंच गेल्या. भारतातून आलो म्हटल्यावर टॅक्सीवाल्यानं पहिलं नाव त्यांचंच काढलं आणि दुसऱ्या वाक्यात जेवलात का म्हणून विचारलं.

स्कंदरबेग चौक, त्यातला घोडेस्वार पुतळा, संग्रहालय झालेला बंकर हे सगळं एका सकाळीत उरकलं. थबकलो तो ब्लोकू भागात. होजाच्या काळात पक्षाचे पुढारी इथं राहायचे आणि सामान्य माणसाला आत पाऊल टाकायची बंदी होती. आज होजाच्या बंगल्याभोवती कॉफीची दुकानं आणि पिझ्झेरिया यांची रांग आहे. मित्र इथंच जेवला असणार. फोटोवालं मेनूकार्ड, चार भाषांत. १९३९ साली मुसोलिनीचं सैन्य उतरलं तेव्हापासून इटलीची छाया या देशावर आहेच. शिवाय होजाच्या काळात लोक चोरून इटालियन टीव्ही बघत. तेव्हा पिझ्झ्याचं नवल नको.

बाजाराकडे वळलो. कसायांची दुकानं, लोणच्यांच्या बरण्या, डोंगरी चहाच्या वाळक्या जुड्या. मागच्या गल्लीत एका दाराला पाटी नव्हती, पण काचेवर वाफ धरली होती. अशा जागेला इथं ग्येलतोरे म्हणतात. आत स्टीलच्या काउंटरमागे चार-पाच पातेली. मेनूकार्ड नाही, पातेल्याकडे बोट दाखवायचं. सकाळी कामावर जाणारे लोक इथं पाचे पितात: जनावराच्या डोक्याचं किंवा वजडीचं दाट सूप, वर लसणाचं व्हिनेगर. मला तेवढा धीर झाला नाही. मातीच्या भांड्यात रटरटणारं फर्गेसे मागवलं. भाजून सोललेल्या ढोबळ्या मिरच्या, टोमॅटो आणि गिझे नावाचं खारट, रवाळ पनीर. पावाचा तुकडा मोडून त्यात बुडवायचा. ‘‘आणखी पाव?’’ या प्रश्नाला मालकिणीसमोर मी मान खाली-वर हलवली आणि ती पाव घेऊन परत गेली. जुन्या वळणाच्या अल्बेनियनांचं होय-नाही उलटं असतं. त्यानंतर मी तोंडानं बोलायला लागलो.

फुर्गॉननं एल्बासानला गेलो. फुर्गॉन म्हणजे भरल्याशिवाय न सुटणारी मिनीबस. सुटण्याची वेळ ड्रायव्हरच्या मनात असते, ती तो कुणाला सांगत नाही. एल्बासानचा किल्ला ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदानं १४६६ साली बांधला. त्याच्याशी झुंजणाऱ्या अल्बेनियन वीर स्कंदरबेगला वेसण घालायला. गावाबाहेर चिनी मदतीनं उभारलेल्या पोलाद कारखान्याचे गंजके सांगाडे आहेत. होजानं १९४८ साली युगोस्लाव्हियाशी, १९६१ साली रशियाशी आणि १९७८ साली चीनशी फारकत घेतली, आणि सगळं जग शत्रू समजून देशभर बंकर पेरले. किती? पावणेदोन लाखांच्या आसपास.

मी आलो होतो ते तावे कोसीसाठी. कोकराचं मांस भाजून घ्यायचं, थोडे तांदूळ घालायचे, अंडी फेटलेलं दही वर ओतायचं आणि भट्टीत फुगवायचं. वर तांबूस साय, खाली आंबट मऊपणा. अल्बेनियाचं राष्ट्रीय पक्वान्न हेच. तुर्की पाकपुस्तकांतही ते आहे, पण तिथं त्याचं नाव ‘एल्बासान तावा’. तसंच तिखट लावून परतलेल्या काळजाच्या फोडींना इस्तंबूलमध्ये आजही अल्बेनियन काळीज म्हणतात. म्हणजे पाचशे वर्षांच्या साम्राज्यात पदार्थ एकाच दिशेनं वाहत नव्हते. राजधानीत गेलेले खाटीक, स्वयंपाकी, शिपाई आपली चव बरोबर घेऊन जात. ‘निम्मं तुर्की’ म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. आणि तिरानात मला ‘शुद्ध इलिरियन जेवण’ विकू पाहणाऱ्यानंही. इथल्या प्राचीन इलिरियनांच्या ताटात मका, टोमॅटो आणि ढोबळी मिरची नव्हती. ती अमेरिकेतून आली, आणि आज त्यांच्याशिवाय इथली चूल पेटत नाही.

बेरातबद्दल फार लिहीत नाही. ओसूम नदीकाठी खिडक्याच खिडक्यांची पांढरी घरं, वर नांदता किल्ला, त्यात ओनुफ्री या जुन्या चित्रकाराची तांबड्या रंगाची चित्रं. सुंदर आहे, फोटो सगळीकडे मिळतात. मला तिथं भेटलेल्या वाटाड्याला ओनुफ्रीपेक्षा चुलतभावाच्या लेसच्या दुकानाची ओढ जास्त होती. जेवायलाही त्यानं आपल्याच माणसाकडे नेलं. बसभर पर्यटक, पाठ केलेलं स्वागत, कोमट भाजी.

गिरोकास्तरला मात्र मुक्काम लांबला. सगळं गाव दगडी: भिंती, रस्ते, छपरंही. युनेस्कोनं २००५ साली ते जागतिक वारशात घेतलं. होजा इथला, कादंबरीकार इस्माईल कादारेही इथलाच. होजाच्या घराच्या जागी लोकजीवनाचं संग्रहालय आहे. माझी खोली मात्र बॅग ओढत चढता चढता जीव जाईल इतक्या उंचावर होती. गरम पाणी एका माणसाच्या अर्ध्या अंगाला पुरेल इतकंच, आणि खिडकीखालचा कोंबडा पहाटेची वाट न बघणारा. किल्ला, त्यावर ठेवलेलं १९५७ सालचं अमेरिकन विमान, खालचा शीतयुद्धकालीन भुयारी मार्ग, सारं पायाखालून घातलं. संध्याकाळी घरमालकांच्या नातीला विचारलं, ‘‘तुम्ही लोक कुठं जेवता?’’ तिला प्रश्नच विचित्र वाटला. ‘‘घरी,’’ ती म्हणाली.

मग तिनं आत्याच्या घराचं दार दाखवलं. खालच्या खोलीत चार टेबलं, स्वयंपाकघराचं दार उघडं. पाटी इथंही नाही. आत्याबाई सत्तरीच्या. शिजलेला भात, अंडी, वाळका पुदिना, मिरपूड कालवत होत्या. विस्तवावर खळगे असलेला बिडाचा तवा. प्रत्येक खळग्यात तेल, त्यात भाताचा गोळा, चमच्यानं हलकेच फिरवत चारी बाजूंनी खरपूस. मी थक्क होऊन बघत राहिलो. ते हुबेहूब आपलं आप्पेपात्र होतं! फोनवर आमच्या घरच्या आप्प्यांचा फोटो दाखवला, तर आत्याबाईंनी तवा दोन्ही हातांनी उचलून मला नीट दाखवला आणि ‘आमचा जड आहे’ असा निकाल दिला. या गोळ्यांना चिफ्ची म्हणतात आणि ते गिरोकास्तरची खूण समजले जातात. बाहेर कुरकुर, आत मऊ, मागाहून पुदिना. नंतर ओशाफ आलं: मेंढीच्या दुधात वाळके अंजीर घालून लावलेलं गोड.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त इतिहास शिक्षक राकी घेत बसले होते. टीव्हीवरून शिकलेली त्यांची इटालियन आणि नातीची इंग्रजी यांच्या पुलावरून आमचा वाद सुरू झाला.

माझं म्हणणं असं: ‘पारंपरिक अल्बेनियन जेवण’ म्हणून आज जे मिरवलं जातं, ती परंपरा मध्ये तुटलेली आहे. युद्धानंतर खाजगी धंदे संपले, खानावळी सरकारी झाल्या. शेती सामुदायिक झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घराघरातल्या उरल्यासुरल्या शेळ्या-मेंढ्याही सामुदायिक कळपांत नेल्या. दुधासाठी पहाटेच्या आधी रांगा लागत. ज्या पिढीला कोकरूही मिळत नव्हतं आणि दहीही, तिचं राष्ट्रीय पक्वान्न तावे कोसी कसं? हे तर १९९१ नंतरच्या हॉटेलांनी घडवलेलं.

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुटायला ती परंपरा हॉटेलात होती कधी?’’

मग ते सांगत गेले. मांस नव्हतं तेव्हा बायका डोंगरातून खाजरं नेटल आणि रानपाला आणून ब्युरेकमध्ये, म्हणजे पातळ पाऱ्यांच्या थरांत भरून भाजायच्या पदार्थात, भरत. पीठ कमी, म्हणून पारी आणखी पातळ लाटत. पालेभाजी आणि मक्याचं पीठ यांचं पिस्पिली तर अभावाचंच अपत्य. चिफ्ची तरी काय, उरलेल्या भाताची सोय. १९६७ साली होजानं धर्मावरच बंदी घातली. मशिदी, चर्च, बेक्ताशी सूफींचे तेक्के, सगळ्यांना कुलूप. ‘‘तेव्हा पाहुण्याला अमुक दिवशीच बकलावा दिला तर सणाचा संशय यायचा. म्हणून माझी आई तो आदल्या आठवड्यात करायची. ईस्टरच्या रंगवलेल्या अंड्यांची टरफलं शेजारी परसात पुरायचे. गहू, घेवडा आणि सुक्या मेव्याचं आशुरे आम्ही नाव न घेता खाल्लंय. तुम्ही हॉटेलं मोजताय. हात मोजा.’’

मुद्दा वजनदार होता. तरी मी सोडलं नाही. हातच म्हणायचे तर ते निघून चालले आहेत. १९९१ च्या ऑगस्टमध्ये व्लोरा नावाच्या एकाच जहाजावर वीस हजारांच्या आसपास माणसं चढून इटलीतल्या बारीला गेली, तो फोटो जगानं पाहिला. तो ओघ थांबलेला नाही. २०११ च्या जनगणनेत अठ्ठावीस लाख माणसं होती; २०२३ मध्ये चोवीस लाख. आत्याबाईंचे दोन्ही मुलगे बाहेर. पातळ पारी लाटायला आता कोण शिकणार?

‘‘गेलेले परततात,’’ गुरुजी म्हणाले. यात तथ्य आहे. ब्लेदार कोला हा कोपनहेगनच्या नोमा या नावाजलेल्या उपाहारगृहात काम करून तिरानाला परतला आणि २०१६ साली त्यानं मुलिझ्यू नावाचं उपाहारगृह काढलं. तिथं धान्य दळतात तेही जात्यांवर. उत्तरेतल्या खेड्यांत शेतावरच जेवू घालणारी घरं निघाली आहेत. परदेशातल्या स्वयंपाकघरांत भांडी घासून आलेल्या माणसाला आईच्या चुलीची किंमत कळते. पण या ताटांचे दर तिरानाच्या शिक्षकाला परवडत नाहीत, हे मी म्हटलं. ‘‘गिरोकास्तरच्या तर नाहीच नाहीत,’’ गुरुजी म्हणाले, आणि तेवढ्यावर आमचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी बुट्रिंटचे अवशेष बघायचे ठरवले होते. ग्रीक रंगमंच, रोमन स्नानगृहं, व्हेनिसचा बुरूज. सकाळी आत्याबाईंनी लाटणं हातात दिलं आणि बस निघून गेली. ते लाटणं म्हणजे हातभर लांब बारीक काठी. पारी काठीवर गुंडाळायची, झटक्यानं सोडायची, पुन्हा गुंडाळायची. टेबलाचा लाकडी रंग आरपार दिसेपर्यंत. माझ्या पारीला भोकं पडली ती त्यांनी थरांच्या मधोमध लपवली. वरची आणि खालची त्यांचीच. ब्युरेक भट्टीतून निघाला तेव्हा कुणाची कुठली ते ओळखू येत नव्हतं. बरोबर खारं, दाट ताक. पैसे घेताना त्या संकोचल्या. या देशाच्या डोंगराळ उत्तरेत लेक दुकाग्यिनीच्या नावावर चालणारा एक जुना रूढीसंग्रह आहे, श्तेफेन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं गोळा केलेला. त्यात घर यजमानाचं नसून देवाचं आणि पाहुण्याचं मानलं आहे. दक्षिणेतल्या आत्याबाईंनी तो ग्रंथ वाचलेला नाही. पण पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे ही सवय इथं अजून नवी आहे. खाजगी खानावळी पुन्हा सुरू होऊन अवघी तिसेक वर्षं झालीत, आणि पाटी लावायचं राहून जातं ते यामुळेच असावं.

जाणार असाल तर एवढं करा. मेनूकार्डावर फोटो असतील तिथून निघा. ‘पारंपरिक’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर जरा लवकर निघा. जिथं मजूर, पोलीस आणि कारकून एकाच टेबलावर बसलेत, काचेवर वाफ आहे आणि कुणीही तुम्हाला आत बोलावत नाही, तिथं शिरा. मालकीणबाईंना त्यांच्या गावाचं काय आहे ते विचारा. आणि दुपारी एकच्या आत पोचा. दोनला पातेली रिकामी होतात, मग सगळीकडे फक्त पिझ्झा.