स्कॉटलंडनें दिलेला कौल

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घराण्यांना स्कॉटलंड हा देश अपरिचित नाहीं. मात्र त्याला त्याच्या स्वतःच्या नांवानें आपण क्वचितच ओळखतों. पेशवाईनंतर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टनसाहेब, त्यांच्या जागीं आलेले माल्कमसाहेब, १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारे ग्रँट डफ, आणि ज्यांच्या नांवाचें कॉलेज गिरगांव चौपाटीसमोर आजही उभें आहे ते जॉन विल्सन, हे सर्व स्कॉटलंडचे सुपुत्र. आपल्या आजे-पणज्यांनीं मात्र त्यांना सरसकट 'इंग्रज' म्हटलें आणि तेंच आपल्या तोंडीं बसलें. एखाद्या तमिळ गृहस्थाला परमुलखांत कोणी उठतां-बसतां बंगाली म्हणूं लागलें, तर तो भांडणार नाहीं, पण मनांतून खट्टू झाल्यावांचूनही राहणार नाहीं. स्कॉच माणसाचें कांहींसें असेंच आहे. गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं उभयतांनीं त्या देशांत तीन आठवडे प्रवास केला, तेव्हां तेथील डोंगर, तळीं आणि किल्ले यांच्याइतकेंच या खट्टूपणानें आमचें लक्ष वेधून घेतलें. आणि त्याची विचारपूस करतां करतां आम्ही वारंवार एकाच तारखेपाशीं येऊन थांबूं लागलों. ती तारीख म्हणजे १८ सप्टेंबर २०१४.

त्या दिवशीं स्कॉटलंडांतील मतदारांना एकच प्रश्न विचारण्यांत आला : स्कॉटलंड हा स्वतंत्र देश व्हावा काय ? उत्तर एका शब्दाचें, 'होय' किंवा 'नाहीं'. आणि तें द्यावयाचें तें कागदावर फुली मारून. आपल्याकडे अडल्या वेळीं देवाला कौल लावतात. तेथें देवाच्या जागीं जनता होती आणि उजवा कीं डावा तें मतपेटींतून निघावयाचें होतें.

या प्रश्नाचें मूळ समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १६०३ सालीं इंग्लंडची राणी एलिझाबेथ निःसंतान वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तिच्या गादीवर आला. राजा एक पण राज्यें दोन, ही स्थिति पुढें शंभर वर्षें टिकली. १६९८ सालीं स्कॉच लोकांनीं पनामाच्या संयोगभूमीवर डेरिएन येथें वसाहत घालण्याचें धाडस केलें. तें दोन वर्षांत पार फसलें, आणि सरदारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांची पुंजी त्यांत बुडाली. अशा ओढगस्तींत १७०७ सालीं एडिंबरोच्या पार्लमेंटानें स्वतःचें विसर्जन करून इंग्लंडशीं एक होण्याचें मान्य केलें. त्या वेळीं इंग्लंडकडून सुमारें चार लक्ष पौंड मिळाले. रस्त्यांत मात्र लोकांनीं दंगे केले. तथापि स्कॉटलंडचे कायदे व न्यायालयें, त्याचें चर्च आणि त्याचीं विद्यापीठें हीं निराळींच राहिलीं. आपल्या घरगुती भाषेंत सांगावयाचें तर चूल एक झाली, पण देव्हारा वेगळा राहिला.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस पुढील गोष्ट फोड करून सांगावयास नको. धाकटी पाती थोरलीबरोबर मिळवी, लढे, साम्राज्याच्या वैभवांत वांटाही घेई. आणि ग्लासगोची श्रीमंती त्याच वांट्यांतून उभी राहिली. परंतु कारभाराच्या किल्ल्या लंडनास. १९७९ ते १९९७ या अठरा वर्षांत स्कॉटलंडनें दर निवडणुकींत मजूर पक्षाला अधिक जागा द्याव्या आणि राज्य हुजूर पक्षाचें यावें, असें चार वेळां घडलें. तेव्हां धाकट्या पातीची कुरकुर वाढली. १९९७ सालीं शेंकडा ७४.३ मतांनीं तिनें आपल्यापुरतें पार्लमेंट मागून घेतलें व तें १९९९ पासून एडिंबरोस भरूं लागलें. तेथें २०११ सालीं स्वातंत्र्यवादी राष्ट्रीय पक्षाला बहुमत मिळालें, आणि १५ ऑक्टोबर २०१२ रोजीं मुख्यमंत्री अ‍ॅलेक्स सामंड व ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनीं सार्वमताच्या करारावर सह्या केल्या. वांटणीचा प्रश्न भावाभावांनीं समोरासमोर बसून, कागद करून, पंचांपुढें ठेवावा, तशीच ही रीत झाली. अशी रीत जगांत फार थोड्यांना साधली आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं स्पेनमधील कॅटलोनियानें संमतीवांचून असेंच मत घेतलें, तेव्हां मतदानकेंद्रांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या.

एडिंबरोस आम्ही ज्या बाईंच्या घरीं भाड्यानें उतरलों होतों, त्या शाळेंतील नोकरींतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या व मोठ्या बोलक्या होत्या. त्यांच्या घरांत त्या वर्षीं चार मतें होतीं. बाई आणि त्यांचे यजमान 'नाहीं'च्या बाजूचे. मुलगा आणि सोळा वर्षांची नात 'होय'च्या. (या सार्वमतापुरता मताचा हक्क सोळाव्या वर्षापासून दिलेला होता.) नातीनें माडीच्या खिडकीला निळा 'होय' चिकटविला, आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं तळमजल्याच्या खिडकींत 'नको, आभारी आहोंत' अशी पाटी लावली. टपालवाला येतां-जातां हंसे. बाई म्हणाल्या, "पहिला महिनाभर आम्हांलाही गंमत वाटली. पुढें मात्र जेवणाच्या टेबलावर त्या विषयाला मी बंदी केली. बंदी केली म्हणजे विषय जात नाहीं, नुसतें टेबल गप्प होतें."

यजमानांचें म्हणणें साधें होतें. आयुष्यभर पौंडांत मिळविलेलें पेन्शन उद्यां कोणत्या नाण्यांत मिळेल, हें कोणी छातीठोकपणें सांगेना. फेब्रुवारी २०१४ मध्यें ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनीं, वेगळे झालांत तर पौंडाची भागीदारी मिळणार नाहीं, असें बजाविलें होतें. शिवाय त्यांची सख्खी बहीण न्यूकॅसलला दिलेली. "एका रात्रींत ती परदेशची होणार काय ?" असें ते विचारीत. मुलगा म्हणे कीं, गरिबी आली तरी चालेल, पण चूक करावयाची ती आपली आपण करूं. लंडनच्या चुका आम्ही कां निस्तरावयाच्या? क्लाइडच्या खाडींत अणुबाँबच्या पाणबुड्या लंडननें ठेवाव्या आणि त्यांच्या शेजारीं झोंपावयाचें आम्हीं, हें त्याला विशेष झोंबे. दोघांपैकीं कोणाच्याही तोंडीं इंग्रजांचा द्वेष नव्हता. वांटणी मागणारा भाऊ वैरीच असला पाहिजे असें नाहीं, आणि वांटणी नको म्हणणारा मिंधाच असतो असेंही नाहीं. ही गोष्ट ज्या घरांनीं भोगली आहे त्यांनाच पटेल.

मत कोणाला होतें हेंही पाहण्यासारखें आहे. रक्ताचा नव्हे, तर वास्तव्याचा नियम होता. त्यामुळें एडिंबरोंत जन्मलेला, जेम्स बाँडच्या भूमिकेनें जगप्रसिद्ध झालेला व स्वातंत्र्याचा कट्टा कैवारी असा नट शॉन कॉनरी हा बहामा बेटांत राहत असल्यानें मतावांचून राहिला. उलट भारत राष्ट्रकुलांत असल्यामुळें तेथें रीतसर वास्तव्य करणाऱ्या आपल्याकडील मंडळींसही तें मिळालें. ज्या घरांत आज राहतां त्याचा निर्णय तुम्हीं करा, असा त्याचा अर्थ.

ग्लासगोस आम्ही जॉर्ज चौकांत बराच वेळ बसलों. मतदानापूर्वीच्या दिवसांत 'होय'वाल्यांचे थवे येथेंच जमत, गात, आणि निळे-पांढरे झेंडे फडकवीत. जहाजें बांधण्याचे कारखाने बहुतेक बंद पडलेले, चाळींतून बेकारी मुरलेली. ज्यांना चालू घडींत हरविण्यासारखें फारसें उरलें नव्हतें त्यांना नव्या घडीचें भय कसलें? तेथून आम्ही आगगाडीनें टे नदीवरील लांबलचक पुलावरून डंडीस गेलों. आपल्या बंगालचा ताग एकेकाळीं येथें येऊन विणला जाई; पुढें कलकत्त्याच्या गिरण्यांनीं हा धंदा ओढून घेतला आणि डंडी ओसरली. याच डंडीनें शेंकडा ५७.३ 'होय' मतें देऊन सर्वांवर ताण केली. एकंदर ३२ विभागांपैकीं 'होय' म्हणणारे चारच निघाले : डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनर्कशायर. याउलट पेढ्या, कचेऱ्या आणि विमाकंपन्या यांवर पोसलेल्या एडिंबरोनें शेंकडा ६१.१ मतांनीं 'नाहीं' म्हटलें, आणि उत्तरेकडील ऑर्कनी बेटांनीं तर ६७.२.

सबंध देशाचा आंकडा पहांटे स्पष्ट झाला : 'नाहीं' २०,०१,९२६, 'होय' १६,१७,९८९, म्हणजे शेंकडा ५५.३ विरुद्ध ४४.७. शंभरांतील जवळजवळ पंचाऐंशी मतदार मत देऊन गेले होते. सामंड यांनीं त्याच दिवशीं पद सोडण्याचें जाहीर केलें. संध्याकाळीं जॉर्ज चौकांत थोडी धक्काबुक्की झाली; याहून अधिक अनर्थ झाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं, रविवारीं, एडिंबरोच्या सेंट जाइल्स या जुन्या चर्चमध्यें दोन्ही पक्षांचे पुढारी एकत्र प्रार्थनेला बसले. आम्ही त्या चर्चच्या उंच दगडी खांबांखालीं उभे राहिलों, तेव्हां मनांत आलें कीं, हरलेल्यानें तेथें येणें कठीण होतें खरें, पण जिंकलेल्यानें डोळ्यांत विजय न दाखवितां शेजारीं बसणेंही कांहीं सोपें नव्हतें.

घरोघरचा समेट मात्र प्रार्थनेच्या वेळापत्रकानें होत नाहीं. आमच्या यजमानीणबाईंनीं सांगितलें कीं, सप्टेंबरपासून नाताळपर्यंत त्यांचे पति आणि मुलगा हवापाण्यापलीकडे एकमेकांशीं बोलले नाहींत. नाताळच्या दिवशीं म्हाताऱ्यानें माडीवर जाऊन नातीच्या खिडकीचा तो निळा कागद स्वतः पाहिला. उन्हानें त्याचा रंग उडाला होता. त्यानें तो काढला नाहीं. खालीं आल्यावर मुलाला इतकेंच म्हणाला, "तिची गोंद आपल्यापेक्षां चांगली निघाली." त्या दिवसापासून बोलणें सुरू झालें. मतें दोघांचींही बदललीं नाहींत. यजमान आतां हयात नाहींत. नात नोकरीनिमित्त लंडनास असते आणि अजूनही 'होय'च म्हणते.

पुढील घटनांनीं जखमेवर खपली धरूं दिली नाहीं. वेगळे झालांत तर युरोपीय संघांतील जागा गमवाल, अशी भीति २०१४ मध्यें घातली गेली होती. २०१६ सालीं ब्रिटननेंच संघ सोडण्याचा निर्णय केला, आणि त्यांत राहूं इच्छिणाऱ्या स्कॉटलंडच्या शेंकडा ६२ मतांचें कांहीं चाललें नाहीं. 'होय'वाल्यांना हा विश्वासघात वाटतो. उलट 'नाहीं'वाले विचारतात कीं, जें खनिज तेल २०१४ च्या उन्हाळ्यांत पिंपास शंभर डॉलरांवर होतें तें २०१६ च्या आरंभीं तिसांच्या खालीं गेलें. त्या वर्षीं नवें राज्य चाललें कसें असतें? दोन्ही प्रश्न खोटे नाहींत, म्हणूनच वाद संपत नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें, लंडनच्या संमतीवांचून स्कॉटलंडच्या पार्लमेंटाला दुसरें सार्वमत घेण्याचा अधिकार नाहीं, असा निकाल दिला. लोकसभेच्या निवडणुकींत स्वातंत्र्यवादी पक्षानें २०१५ सालीं ५९ पैकीं ५६ जागा जिंकल्या होत्या, त्याच पक्षाला २०२४ सालीं ५७ पैकीं अवघ्या ९ मिळाल्या. पक्ष खालीं गेला, पण मनांतली गोष्ट गेली असें आम्हांला कोठेंही आढळलें नाहीं.

परततांना आम्ही मोटारीनें ग्रेट्ना गांवावरून इंग्लंडांत उतरलों. येथील सार्क नांवाचा लहानसा प्रवाह म्हणजेच सरहद्द. स्कॉटलंडचा विवाहाचा कायदा वेगळा राहिल्यामुळें, आईबापांची संमति न मिळालेलीं इंग्रज जोडपीं एकेकाळीं हा ओढा ओलांडून येथें लग्नें लावीत. ओढ्यापाशीं दगडांची एक मोठी रास आहे. २०१४ सालीं, दोन्ही देश एकत्र राहावेत असें वाटणाऱ्या लोकांनीं ठिकठिकाणाहून आपापला दगड आणून तेथें ठेवला; कित्येकांवर नांवें आणि निरोप रंगविलेले. फिरून वेगळें व्हावें असें म्हणणाऱ्यांनीं अशी रास रचलेली नाहीं, पण त्यांची मतें मोजलेलीं आहेत आणि तीं सोळा लक्षांवर आहेत. रस्त्यावर नाका नाहीं, शिपाई नाहीं, कोणी कागद मागत नाहीं. फक्त एक पाटी आहे. पाऊस भुरभुरत होता. शेतांतलीं मेंढरें या कांठचीं कोणतीं आणि त्या कांठचीं कोणतीं हें आम्हांला सांगतां आलें नसतें. त्यांच्या पाठीवरील रंगाच्या खुणेवरून तें त्यांच्या धन्यांना मात्र अचूक कळत असावें.