बूट वेगळं, डेटा वेगळा

चंद्रपूर-गडचिरोलीत सर्व्हर म्हटला की काचेची थंडगार खोली डोळ्यांपुढे आणू नये. इथला सर्व्हर बहुधा कार्यालयाच्या कोपऱ्यात, स्टॅबिलायझरच्या शेजारी, टेबलाखाली असतो. पतसंस्थेची खाती, दवाखान्याचे केसपेपर, कॉलेजच्या ग्रंथालयाची नोंद, आश्रमशाळेतल्या मुलांसाठी इंटरनेटशिवाय चालणारे धडे, सगळं त्या एका डब्यात. चंद्रपुरात राहून अशा डब्यांची देखभाल करणं हे माझं काम. मूल, ब्रह्मपुरी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या रस्त्यांवर गाडीच्या मागच्या सीटवर हार्ड डिस्क, केबली आणि धूळ उडवायचा ब्लोअर घेऊन मी फिरतो. या कामात माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू दोन बोटांच्या चिमटीत मावते. तिच्याविषयी मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या धंद्यात तिला ‘साटा डॉम’ म्हणतात, नुसतं ‘डॉम’ही चालतं. मदरबोर्डवर हार्ड डिस्कची केबल लावायला जे पोर्ट असतात, त्यातल्याच एकात डॉम थेट उभा बसतो. केबल नाही, फिरणारा भाग नाही. आत छोट्या पट्टीवर फ्लॅश मेमरीच्या चिप आणि एक कंट्रोलर, बस्स. काही बोर्डांवर त्याच्यासाठी पिवळा किंवा केशरी पोर्ट राखलेला असतो आणि त्यातूनच त्याला वीज मिळते. इतर बोर्डांवर दोन बारीक तारांची पिन वेगळी जोडावी लागते. क्षमता १६, ३२, ६४, नाहीतर १२८ जीबी. आजच्या मोबाइलच्या मानानंही थोडीच, पण त्याचं काम एकच आहे: बटण दाबल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम उठवायची. लोकांची माहिती बाजूच्या मोठ्या डिस्कांवर राहते.

ही विभागणी इथं का लागते, ते मे महिन्यात येऊन बघावं. नवतप्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जाणं आम्हाला नवं नाही. बहुतेक सर्व्हर बनवणारे बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत असेल असं धरून यंत्र बनवतात. कार्यालयात कूलर असतो, पण तो साहेबांच्या खोलीत. आणि सर्व्हरपुढे ठेवला तर तो ओली हवा आत ढकलतो. घुग्घुस, पद्मापूर, दुर्गापूर या कोळसा खाणींच्या पट्ट्यात त्या ओलाव्यावर काळी धूळ बसते आणि पंख्याच्या पात्यांवर तिचा चिकट थर चढतो. साध्या हार्ड डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची. पंखा असा चोंदला की भर दुपारी डिस्कचा आकडा तिथवर पोचलेला मी पाहिला आहे. साधा डॉम ७० अंशांपर्यंत काम करतो, औद्योगिक वापराचा ८५ पर्यंत.

त्यात लाइन. मृगाच्या आधी वादळं सुरू झाली की जंगलातल्या तारांवर झाड पडतं आणि गावच्या गाव अंधारात जातं. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली असते. दिवसातून चार वेळा डिस्क धाडकन थांबते आणि पुन्हा फिरू लागते. पूर्वी आमच्याकडे एकाच डिस्कचे दोन भाग करून एकात सिस्टीम, दुसऱ्यात डेटा ठेवायची पद्धत होती. डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब झाला की डेटा शाबूत असूनही सर्व्हर उठायचा नाही. खातेदार काउंटरवर ताटकळत, आणि आम्ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून फाइली वाचतोय, असा दिवसच्या दिवस जायचा.

पण डॉम आणून बसवला म्हणजे काम झालं, असं मुळीच नाही. फ्लॅश मेमरीची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. आज सर्रास मिळणाऱ्या टीएलसी प्रकारात हा आकडा साधारण एक ते तीन हजारांच्या घरात असतो. मोठ्या एसएसडीत ही झीज कितीतरी जास्त ब्लॉकांवर वाटली जाते. १६ जीबीच्या डॉममध्ये वाटायला जागाच नसते. एखादा लॉग, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींची नोंद, दिवसाला २० जीबी लिहीत असेल, तर तो डॉम रोज एकदा पूर्ण लिहून वर पुन्हा चार जीबी लिहिल्यासारखं झालं. एका ठिकाणी पुरवठादारानं सिस्टीम, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), लॉग, अगदी डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइलीसुद्धा डॉमवरच टाकून दिल्या होत्या. वर्षभरात तो डॉम केवळ-वाचन अवस्थेत गेला, आणि दोष मात्र वस्तूला लागला.

म्हणून मी बसवताना स्वॅप डेटाच्या डिस्कवर नेतो. लॉग रॅममध्ये ठेवतो आणि ठरावीक वेळानं मोठ्या डिस्कवर उतरवतो. फाइल नुसती वाचली तरी तिच्यावर वेळ नोंदवण्याची लिनक्सची सवय बंद करतो. वीज जाताना हातातलं लेखन पुरं करता यावं म्हणून काही मॉड्यूलमध्ये कपॅसिटर दिलेले असतात. जंगलपट्टीसाठी मी तेच मागवतो, चार पैसे जास्त गेले तरी. झीज किती झाली हे डॉम स्वतःच सांगतो, ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत आकडा असतो. तो वर्षातून एकदा वहीत उतरवून घेतला तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट उन्हाळी सुट्टीची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर पत्र्याच्या छपराखालची संगणकखोली कुलूपबंद. फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे पेशीत अडकवलेला विद्युतभार. तो उष्णतेनं लवकर गळतो, आणि पेशी जितकी झिजलेली तितका जास्त. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या हिशेबात, सर्व्हरसाठीच्या एसएसडीचं ठरलेलं लेखन पूर्ण झालं असेल, तर वीज बंद ठेवून ४० अंशांवर माहिती तीन महिने टिकली पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. पत्र्याखालची बंद खोली त्या ४० च्या किती वर जात असेल, ते इथल्या माणसाला सांगायला नको. नव्या डॉमला याची भीती नाही, झिजलेल्याला आहे. मी शाळांना सांगतो की सुट्टीत शिपाई कुलूप बघायला येतो, त्याच फेरीत सकाळी तासभर सर्व्हर चालू करून सगळ्या फाइलींची तपासणी होऊ द्यावी.

आलापल्लीच्या पलीकडे, भामरागडच्या वाटेवर एका निवासी शाळेत असा सर्व्हर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि मधले नाले भरले की अलीकडची गावंही तुटतात. अशाच एका पुरात तिथल्या अधीक्षिका मॅडमचा फोन आला.

“सर, चालूच नाही होऊन राहिला जी. बूट डिव्हाइस नाही म्हणते.”

चंद्रपुरापासून ही शाळा शेकडो वळणांच्या रस्त्यावर, आणि रस्ता पाण्याखाली. पण कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक पाकीट चिकटवून ठेवलं होतं. त्यात तीच सिस्टीम चढवलेला दुसरा डॉम होता.

“मॅडम, आधी मागची वीज काढा. आता डब्याच्या पत्र्याला हात लावा, मग उजवीकडचे दोन स्क्रू.”

“काढले. पोरगी बॅटरी धरून आहे.”

“खाली कोपऱ्यात पिवळा पोर्ट दिसतो का? त्यात उभा एक काळा तुकडा आहे.”

“दिसला. ओढू का?”

“हलवू नका, सरळ वर ओढा. पोर्टाच्या तोंडाशी काटकोनात वळलेली खाच आहे, नव्या तुकड्याची खाच तशीच धरा. उलटा बसणारच नाही.”

फोन मध्येच तुटला. टॉवरचा सिग्नल तिथं खिडकीपाशीच मिळतो. थोड्या वेळानं मॅडमनी परत लावला तेव्हा मागे मुलींचा गलका ऐकू येत होता आणि विज्ञानाचा धडा चालू झाला होता. डेटाच्या डिस्कला कुणी हातही लावला नव्हता. मुलांच्या नोंदी, गुण, धडे, सगळं जागच्या जागी. मॅडमनी आधी कधी कॅबिनेट उघडलं नव्हतं. मला या वस्तूची खरी किंमत त्या दिवशी पटली: दुरुस्ती करणारा माणूस पुराच्या अलीकडे असला तरी पलीकडच्या माणसाच्या हातून काम होतं.

बूटच्या वस्तूवर जास्तीचं लेखन लादू नये, हा धडा शहरातल्या मोठ्या सर्व्हरांतही वेगळ्या वाटेनं आला. एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयला बूट करायला अनेक जण एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह वापरत. २०२० मध्ये आवृत्ती ७ आली, तिनं बूटच्या जागेवर लेखन वाढवलं आणि कार्डं धडाधड जाऊ लागली. पुढं कंपनीनंच तो मार्ग सोडा असं सांगितलं. डेलचं बॉस कार्ड किंवा एचपीईचं एनएस २०४ आय ही त्याची आजची उत्तरं आहेत. एका कार्डावर दोन एम.२ पट्ट्या, दोन्हींवर तीच सिस्टीम. एक गेली तरी दुसरीवर यंत्र चालू. पैसा असेल तर हेच घ्यावं. आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी एक डॉम बोर्डावर आणि एक पाकिटात, ही माझी व्यवस्था.

पाकिटातलाही कायमचा विसरून चालत नाही. सिस्टीममध्ये बदल झाला की त्याची प्रत नव्यानं काढावी लागते आणि पाकिटावर तारीख घालावी लागते. हे काम दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेतलं की जमतं.

शाळा, पतसंस्था, दवाखाने यांच्या खरेदीची कागदपत्रं तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे. सर्व्हरच्या मागणीपत्रात प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांचे रकाने असतात, बूट कशावरून होणार याचा नसतो. तो रकाना घाला. त्यात लिहा: बूटसाठी स्वतंत्र मॉड्यूल, वीज गेल्यास माहिती सांभाळणारं, ७० अंशांपर्यंत चालणारं, त्याच सिस्टीमसह दुसरं मॉड्यूल सर्व्हरसोबत, आणि ते बदलून दाखवण्याचं प्रशिक्षण जागेवर, तिथं कायम असणाऱ्या माणसाला.