अर्ज

अर्ज लिहून देणे हा मराठीच्या प्राध्यापकाचा एक बिनपगारी जोडधंदा आहे. वसतिगृहातल्या मुलाची फी माफ व्हावी म्हणून, शेजारच्या आजींचे पेन्शन सुरू व्हावे म्हणून, गल्लीतला दिवा पेटावा म्हणून मी आजवर किती अर्ज लिहिले असतील, त्याची गणती नाही. ‘विनंती विशेष’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतचा प्रवास आपण डोळे मिटून करू शकतो, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती समजूत दूर झाली, आणि ती दूर केली बांगड्यांनी!

मालवणच्या उत्तरेला आमचे गाव. वडील तिथल्या शाळेत मास्तर. घरामागे माडांची बाग, बागेपुढे पुळण आणि पुळणीपुढे समुद्र. गाबितवाडीत माझा एक बाळमित्र राहतो. त्याचे वडील रापणीचे तांडेल. पहाटे होडी जाळे घेऊन निघावयाची, समुद्रात मोठे अर्धवर्तुळ घालून पुन्हा किनाऱ्याला लागावयाची. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर, आणि ते ओढायला सारी वाडी. मी एकदा नुसता बघत उभा होतो. तांडेलकाका ओरडले, “मास्तरांच्या झिला, बघीत काय रवलंस? धर दोर!”

मी दोर धरला. माझ्या ओढण्याने ते जाळे बोटभरही पुढे सरकले नसेल. पण वाटे झाले तेव्हा होडीचा वाटा निघाला, जाळ्याचा निघाला, ओढणाऱ्यांचे निघाले, आणि माझ्याही ओंजळीत मूठभर पेडवे पडले. पुढे पहिला पगार हातात आला तेव्हाही मला इतका आनंद झाला नाही.

दोराला हात लावील त्याला वाटा, हा तिथला एक कायदा. दुसरा कायदा पावसाचा. मृगाचा पाऊस लागला की होड्या वर ओढल्या जात, झापांनी शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर दर्याला नारळ अर्पण होई, नारळ लढविण्याचा खेळ रंगे, आणि मगच होड्या पाण्यात उतरत. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण. त्या दिवसांत पुष्कळशी मासळी गाभोळीने भरलेली असते हे दुसरे. हे दोन्ही कायदे कुठल्या विधिमंडळाने संमत केले नव्हते, पण ते मोडलेले मी पाहिले नाहीत.

तर त्या मित्राने गेल्या दिवाळीत मला गाठले. रात्रीच्या वेळी पर्ससीन जाळ्यांच्या बोटी मनाई केलेल्या पाण्यात किनाऱ्याजवळ येतात, सबंध थवाच्या थवा घेरून नेतात आणि पहाटे रापणीला रिकामे पाणी उरते, अशी वाडीची तक्रार होती. “तू मराठीचो मास्तर मां? मगे अर्ज लिवन दी.”

मी दोन दिवसांची मुदत मागितली. अर्जाला आधार हवा म्हणून वाचनालयात जाऊन बसलो, मिळेल ते वाचले. तेव्हा मला कळले की स्वतंत्र भारताचे सरकार समुद्रात उतरले ते आधी मदतीचा हात घेऊन. मनाईचा पुढे आला. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला, आणि केरळात कोल्लमजवळ इंजिनाच्या होड्यांचा प्रयोग सुरू झाला. गरीब मच्छीमाराचे उत्पन्न वाढावे, लोकांच्या ताटात मासळी यावी, हा हेतू. त्याला नावे ठेवण्यासारखे काही नव्हते. पण पुढे कोळंबीला परदेशात भाव आला. तळ खरवडणारे ट्रॉलर आले, कर्जे आली, अनुदाने आली, आणि ज्यांनी कधी दोर धरला नव्हता त्यांचे पैसे समुद्रात उतरले. १९७० नंतरच्या दशकात गोव्याचे रापणकार आंदोलनाला उभे राहिले. १९७६ साली केंद्राने मजुमदार समिती नेमली, १९७९ मध्ये राज्यांकडे नमुना विधेयक गेले, आणि १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. ज्या हाताने इंजिन दिले, त्याच हाताला तीस वर्षांनी लगाम धरावा लागला.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हक्स्लेसारख्या थोर शास्त्रज्ञाने, समुद्रातली मोठी मासेमारी संपणारीच नाही, असे मत दिले होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची कीर्ती तर शतकानुशतकांची. पण २ जुलै १९९२ रोजी तिथल्या सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास माणसांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडावे लागले.

आपल्या कायद्याच्या आदेशांत एक शब्द मला भेटला, आणि माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. ट्रॉलरना किनाऱ्यालगत पाच ते दहा वाव खोलीपर्यंत मनाई आहे. दोन्ही हात पसरले म्हणजे एक वाव. ‘सुधारणेला वाव आहे’ असा शेरा मी वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांवर मारीत आलो. त्या वावात पाणी असते, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. आणखी एक गंमत सापडली. महाराष्ट्रातली पावसाळी बंदी पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. सरकारी हुकमात तिथी! २०१५ साली केंद्राने सबंध पश्चिम किनाऱ्याला एकच काळ ठरविला : १ जून ते ३१ जुलै, दिवस एकसष्ट. तिथी गेली, तारीख उरली. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. यांत्रिक बोटींना समुद्र त्याच्या महिनाभर आधी मोकळा झालेला होता.

ही सर्व सामग्री घेऊन मी अडीच पानी मसुदा केला. २०१६ साली पर्ससीनवर आलेले निर्बंध त्यात होते, २०१७ साली एलईडी दिव्यांच्या मासेमारीला झालेली मनाई होती, दंड लाखांच्या घरात नेणारी २०२१ची दुरुस्ती होती. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करून मी तो त्याच्या पडवीत खड्या आवाजात वाचला. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकला.

“बरां लिवलंस,” तो म्हणाला. “पण ह्यात दर्यो खंय आसा?”

मग तो सांगू लागला आणि मी लिहू लागलो. “कायदो आमका होयो. पण राती तो खंय असता?” हे त्याचे वाक्य मी जवळजवळ तसेच ठेवले. दर्या तारखेने उघडत नाही, तिथीने उघडतो, हेही घातले. अडीच पानांचे एक पान झाले.

“त्या बोटीचा नंबर?” मी विचारले.

तो गप्प झाला. नंबर त्याला ठाऊक होता. सबंध वाडीला ठाऊक होता. त्याचा मुलगा गणपतीनंतर त्याच बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. रापणीला आता माणसे जमत नाहीत. जमली तरी वाट्याला येते त्यात घराच्या कर्जाचा हप्ता भागत नाही. अर्ज कोणाविरुद्ध होता, ते मला तेव्हा कळले.

आतून वहिनींचा आवाज आला, “भावजीनू, नंबर घाला.”

मित्राने मान हलविली. मी आकडे लिहिले. त्याने चष्मा पुसला, सही केली, आणि कागद पुढच्या सह्यांसाठी बाजूला ठेवला.

जेवल्याशिवाय जायचे नाही, असा वहिनींचा आग्रह पडला. पाटावर बसलो. भाताबरोबर बांगड्यांचे तिखले होते. पंधरा दिवसांत रापणीला बांगडा मिळाला नव्हता, हे अर्जात नुकतेच माझ्याच अक्षरात लिहिले होते. तेव्हा तो कुठून आला हे विचारण्याची गरज नव्हती. कोणी बोललेही नाही. तिघांनी मुकाट्याने खाल्ले.

अर्ज गेला. योग्य ती कार्यवाही चालू असल्याचे उत्तर आले आहे. त्यावर वाडीतल्या सगळ्या रापणकारांच्या सह्या आहेत. माझी नाही, मी मच्छीमार नव्हे, असे म्हणून मी ती टाळली. परंतु त्या दुपारी तिखले फार चांगले झाले होते आणि मी ते दुसऱ्यांदा मागून घेतले, हे मात्र मला विसरता येत नाही.