नवी तबकडी

वडिलांची १९५८ सालची मॉरिस मायनर आतां माझ्याकडे आहे. समोरच्या फळीवर मधोमध एकच मोठी तबकडी. वेगाचा कांटा, पेट्रोलचा कांटा, सूचनेचे दिवे, सारा संसार त्या एका वर्तुळांत. पाणी किती तापलें हें सांगणारें यंत्र मुळांतच नाहीं. तें काम वडिलांचें नाक करी. खंडाळ्याचा घाट चढतांना ते बोलतां बोलतां थांबत, हवा हुंगीत, आणि गाडी कडेला घेत.

परवां मीं फळीखालीं दोन नव्या तबकड्या बसविल्या. एक उष्णतेची, दुसरी विद्युद्दाबाची. दुसरीचा कांटा उलटाच वळला! या मॉरिसच्या बॅटरीचें धनाग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें असतें, हें या पदवीधराच्या ध्यानींच आलें नव्हतें. तारांची अदलाबदल करून इंजिन चालू केलें, तेव्हां कांटा चौदाच्या आसपास स्थिरावला.

मोठी तबकडीही बदला, असा मिस्त्रींचा आग्रह होता. टाकी रिकामी असली तरी ती पाव भरलेली दाखविते. पण त्या पाव खुणेपाशीं कांचेवर वडिलांनीं तांबड्या रंगाचा ठिपका दिलेला आहे. ती मीं राहूं दिली.

घाटांत आतां माझी नजर नव्या कांट्यावर खिळलेली असते. शेजारीं मुलगी कांहीं तरी सांगत असते. तें मला ऐकूं येत नाहीं.