स्वस्तांतली यात्रा

टेंभी नाक्यावर ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस प्रवासाची हौस असावी, हें ऐकणारास जरा चमत्कारिक वाटेल. सारें ठाणें या नाक्यावरून आपण होऊन जातें-येतें. नवरात्रांत तर देवीच्या दर्शनास लोटलेली गर्दी थेट आमच्या दाराला येऊन टेकते, आणि खिडकींतून मान बाहेर काढली कीं जग पाहिल्याचें समाधान मिळतें. तरीही गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेस जाऊन आलों. आमची एकुलती एक कन्या न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन या गांवीं नोकरीस आहे आणि ती चार वर्षें बोलावीत होती, एवढेंच त्याचें कारण.

अमेरिकेस जाऊन आलेल्यांची पाहण्याची एक ठराविक यादी असते. नायगाऱ्याचा धबधबा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टनचें तें पांढरें घर. आणि त्या प्रत्येकापुढें उभे राहून काढलेलीं छायाचित्रें. त्या यादीविषयीं आम्हांस अनादर नाहीं. आमचें भांडण होतें तें तिच्या खर्चाशीं. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसास परदेशीं एक रोग जडतो. डॉलरचा जो आंकडा दिसेल त्याला तो मनांतल्या मनांत गुणीत सुटतो, आणि कॉफीचा पेला हातांत येतांच तेवढ्या पैशांत नाक्यावर किती जणांची मिसळ झाली असती याचा हिशेब करूं लागतो. मग ती कॉफी कडू लागते. शेवटीं आम्हीं मुलीस सांगितलें कीं, जेथें तिकीट नाहीं आणि जेथें आमच्या ओळखीचें कोणी गेलेलें नाहीं अशा ठिकाणीं चार दिवस मोटारींतून हिंडवून आण. ती हंसली, दोन रात्री नकाशा घेऊन बसली, आणि तिनें एकच अट घातली. "बाबा, वाटेंत डॉलरचे रुपये करायचे नाहींत."

स्वस्तांत हिंडण्याची विद्या या मुलीकडून शिकावी. मुक्काम गांवांत न करतां गांवाबाहेर हमरस्त्याच्या कडेला करावा, म्हणजे भाडें उतरतें. सकाळची न्याहारी भाड्यांतच देणारी जागा शोधावी, आणि न्याहारी अशी करावी कीं दुपारीं दोन दशम्यांवर भागावें. पथकराचे मोठे रस्ते टाळून जुन्या रस्त्यांनीं जावें. वेळ अधिक लागतो, पण गांवें दिसतात. दुपारचें ऊन टाळण्यास तर सार्वजनिक ग्रंथालयासारखी दुसरी जागा नाहीं. अगदीं लहान गांवांतही तें असतें. गार असतें, स्वच्छ असतें, प्यावयास पाणी मिळतें, आणि तुम्ही कोण, कोठले, असें कोणी विचारीत नाहीं. सौ.नें दशम्या, शेंगदाण्याची चटणी व मेतकूट बरोबर घेतलें होतें, आणि मुलीनें भात शिजविण्याचें विजेचें भांडें. पहिल्याच रात्रीं त्या भांड्यांत फोडणी करण्याचा मोह सौ.ला आवरला नाहीं, आणि छताला लावलेली धुराची घंटा अशी कांहीं ठणाणली कीं शेजारच्या खोलींतील गृहस्थ अंगावर पांघरूण घेऊनच बाहेर धांवले. त्यानंतर मेतकूट-भातावरच आम्ही संतुष्ट राहिलों.

पहिला टप्पा लांबचा होता. न्यूयॉर्क संस्थानाच्या पश्चिमेकडे हाताच्या बोटांसारखीं लांबट सरोवरें पसरलीं आहेत. त्यांतील एकाच्या कांठीं जिनिव्हा नांवाचें गांव आहे. युरोपांतल्या जिनिव्हाशीं त्याचा नांवापलीकडे संबंध नाहीं. तेथील महाविद्यालयाच्या आवारांत एक बाई बसलेली आहे, ब्राँझची. तिचें नांव एलिझाबेथ ब्लॅकवेल. १८४७ सालीं तिचा अर्ज आला तेव्हां तेथल्या वैद्यक शाळेच्या चालकांनीं निर्णयाचें लोढणें विद्यार्थ्यांच्याच गळ्यांत टाकलें. विद्यार्थ्यांना ती थट्टा वाटली व त्यांनीं एकमुखानें होकार दिला. ती मात्र खरोखरच येऊन वर्गांत बसली, आणि १८४९ त पदवी घेऊन बाहेर पडली. त्या देशांत वैद्यकाची पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री. तेथून जवळच सेनेका फॉल्स आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठीं अमेरिकेंतली पहिली परिषद १८४८ च्या जुलै महिन्यांत तेथल्या एका प्रार्थनामंदिरांत भरली. तिच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनीं व ३२ पुरुषांनीं सह्या केल्या. तो जाहीरनामा आतां एका लांब दगडी भिंतीवर कोरलेला असून तीवरून पाणी वाहत असतें. पाहावयास पैसे पडत नाहींत. आमची कन्या त्या भिंतीपुढें बराच वेळ उभी होती. मग सहज विचारावें तसें तिनें विचारलें, "बाबा, त्या बत्तीस जणांत तुमची सही असती?"

"अर्थात," आम्ही म्हणालों.

सौ. पाण्याकडे पाहत राहिली. ती कांहीं बोलली नाहीं.

तिच्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस तिसऱ्या दिवशीं कळला. त्या दिवशीं दोनशें मैलांहून अधिक वाट मागें टाकून आम्ही हडसन नदीच्या कांठीं पकिप्सी या गांवीं येऊन पोंचलों. या नांवास इंग्रजींत बारा अक्षरें लागतात व उच्चारतांना तीनच उरतात. राहिलेलीं काय करतात तें तेथल्या रहिवाशांनाच विचारावें. खोकल्यावरच्या गोळ्यांसाठीं प्रसिद्धीस आलेले स्मिथ बंधू याच गांवचे. येथें १८८९ सालीं सुरू झालेला आगगाडीचा एक प्रचंड पूल आहे. १९७४ त त्यावर आग लागली, गाड्या बंद पडल्या, आणि २००९ पासून तो पायीं चालणारांस खुला झाला. लांबी ६,७६८ फूट, नदीच्या पाण्यापासून उंची २१२ फूट, तिकीट नाहीं. लोक मुलेंबाळें, कुत्रीं घेऊन त्यावर सावकाश फिरत असतात. ज्या गांवीं १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून देशांतली पहिली उतारूंची आगगाडी येऊन थांबली त्या गांवचे आम्ही. रुळ नसलेला पूल पाहून आमच्या पोटांत थोडें कालवलें. पण वारा छान होता, आणि पुलाच्या मध्यावर दशम्या खाण्याचा जो आनंद तो वेगळाच.

"आतां एकच जागा," मुलगी म्हणाली, आणि तिनें मोटार दक्षिणेकडच्या रस्त्याला लावून एका जुन्या दफनभूमीच्या दारांत नेली.

उंचसखल हिरवळ, मोठमोठे वृक्ष, आणि त्यांच्या सावलींत ओळीनें उभे असलेले दगड. बराच वेळ शोधावें लागलें. कार्पेंटर नांवाच्या एका कुटुंबाच्या जागेंत एक दगड सांपडला. त्यावर आनंदीबाई जोशी हें नांव, पुढें एम्. डी. ही पदवी, १८६५ ते १८८७ हे सन, आणि शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाच्या ओळी.

आनंदीबाईंची कथा मराठी वाचकास नव्यानें सांगावयास नको. कादंबरी झाली, नाटक झालें, २०१९ त चित्रपटही निघाला. कल्याणची यमुना, नवव्या वर्षीं टपालखात्यांतल्या गोपाळरावांशीं लग्न, चौदाव्या वर्षीं मूल झालें तें दहा दिवसांत गेलें, आणि त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय. गोपाळरावांचें एक पत्र अमेरिकेंतील मिशनरी मासिकांत छापून आलें, आणि रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं तें दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलें. दांत दुखण्याचा असा उपयोग जगांत क्वचितच झाला असेल. १८८३ त आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या; मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या; आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें, बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, क्षयानें पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविली. ती येथें आहे, हें आम्हीं कधीं तरी वाचलेंही होतें. वाचलें आणि विसरलों.

दगडावर पांखरांची विष्ठा पडून वाळली होती. सौ.नें पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली, पदर ओला केला आणि तो दगड पुसून काढला, घरांतला देव्हारा पुसावा तसा. मुलगी बाजूला उभी होती. ती हलक्या आवाजांत म्हणाली, "बोटींत चढली तेव्हां अठरा वर्षांची होती, बाबा."

एवढेंच ती बोलली. पण तिला काय म्हणावयाचें होतें तें आम्हां तिघांनाही ठाऊक होतें. सात वर्षांपूर्वीं येथल्या एका विद्यापीठाचें प्रवेशपत्र तिच्या हातीं आलें तेव्हां ती बावीस वर्षांची होती. आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. आम्हीं फक्त विचार करूं म्हटलें. कर्जाचा आंकडा पुढें केला. एकटी मुलगी, परका मुलूख. आधीं येथें दोन वर्षें नोकरी कर. नातेवाईक काय म्हणतील हें तर सौ.कडून वदवून घेतलें. विचार करतां करतां मुदत टळली. पुढच्या वर्षीं तिनें पुन्हां अर्ज केला आणि आमची संमति न विचारतां कर्ज काढलें. त्या गेलेल्या वर्षाचा उच्चार तिनें कधींही केला नव्हता.

गोपाळरावांस आम्ही आजवर तऱ्हेवाईक, तापट माणूस म्हणून मोडीत काढीत आलों. तसे ते होतेही. बायकोस मारहाण करीत, हें तिच्याच पत्रांवरून दिसतें. आम्हीं मुलीवर कधीं हात उगारला नाहीं, आवाजही चढविला नाहीं. सगळें अगदीं गोडीनें केलें. त्या झाडाखालीं उभें असतां ती गोडी आम्हांस फार वेळ आठवत राहिली, आणि मुलीस काय सांगावें तें सुचेना. "त्या वेळीं आमचें चुकलें," असें शेवटीं आम्ही म्हणालों. "हो," ती म्हणाली, आणि मोटारीची किल्ली शोधूं लागली.

परततांना तिनें रोझेलवरून वाट घेतली. तें एडिसनपासून फार लांब नाहीं. पाहावयास तेथें कांहीं नाहीं म्हटलें तरी चालेल. साधीं घरें, पदपथ, झाडें. परंतु खांबांवरून तारा नेऊन एडिसनच्या विजेचे दिवे ज्या गांवांत प्रथम लावले तें हें गांव. जानेवारी १८८३ मधली ती गोष्ट. त्याच वर्षाच्या जूनमध्यें कल्याणची मुलगी नऊवारी लुगड्यांत येथें येऊन उतरली. संध्याकाळ झाली होती व रस्त्यावरचे दिवे एकामागून एक लागत होते. मोटार थांबवून आम्ही तिघें ते पाहत बसलों.

ठाण्यास परत आल्यावर पहिल्याच रविवारीं आम्ही उभयतां धीम्या गाडीनें कल्याणला गेलों. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण, सातवें स्टेशन. इतक्या वर्षांत या गावीं लग्नें झालीं, मुंजी झाल्या, सुतकें झालीं. आनंदीबाईंचें घर विचारीत मात्र आम्ही कधीं आलों नव्हतों. पारनाक्याच्या बाजूला चौकशी केली. एकानें एका जुन्या वाड्याकडे बोट दाखविलें, दुसऱ्यानें एका नव्या इमारतीकडे, आणि एका दुकानदारानें विचारलें, "सिनेमांतली आनंदीबाई का?" अडीच तास हिंडून घर सांपडलें नाहीं. सौ. एका ओट्यावर टेकली. तेवढ्यांत मुलीचा फोन आला. तिकडे पहाट होती. सांपडलें का, तिनें विचारलें. नाहीं, पुढच्या रविवारीं पुन्हां येऊं, आम्ही म्हणालों.

"तिकीट किती पडलें?"

"दहा रुपये."

"त्याचे डॉलर करूं नका," ती म्हणाली.