पावती

लहानपणी मला वाटायचं, की लायसनमध्ये दहाची नोट असतेच. सरकारच ती घालून देत असेल. आण्णांच्या सदऱ्याला दोन खिसे. उजव्यात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी, डाव्यात लायसन. तेव्हा लायसन म्हणजे बारकं पुस्तक असायचं. त्याच्या मधल्या पानात चार घड्या घातलेली दहाची नोट. रोज सकाळी जीपला उदबत्ती ओवाळायची, नारळाच्या करवंटीतला अंगारा लावायचा, आणि मग आई आतून विचारायची, "लायसनात घातली का?" देवाला निघालेल्या माणसाला 'कापूर घेतला का' म्हणून विचारावं, तसं.

१९९० साली बैलजोडी विकून आणि वर बँकेचं कर्ज काढून आण्णांनी जुनी जीप घेतली. काळी-पिवळी. लोहारा, उमरगा, नळदुर्ग, आणि नवरात्रात तुळजापूर. एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही आली तर. बाळंतीण असो, बाजारकरी असो, परीक्षेला निघालेली पोरं असोत, सगळी आण्णांच्याच गाडीत. कागदावर जीप नऊ शिटांची. आत चौदा, मागं लोंबकळणारे तीन, टपावर दोन कोंबड्यांच्या पाट्या आणि त्या सांभाळणारा एक माणूस. सुट्टीत मी किन्नर. "बसा, बसा, सरका की जरा" एवढंच माझं काम.

१९९५ ची लगीनसराई होती. मी अकरा वर्षांचा. वऱ्हाड घेऊन निघालो होतो. वाटेत एका नाक्यावर हात झाला. गावाचं नाव घेत नाही, कारण तो नाका कुठलाही असू शकला असता.

"ए, घे बाजूला."

आण्णा खाली उतरले. खांद्यावरचा टॉवेल काढून काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले. माझे आण्णा गावात कुणाला हात जोडत नसत. पोळ्याच्या मानावरून त्यांनी पाटलाशी भांडण काढलेलं मी बघितलं होतं. त्या माणसानं हात जोडले आणि लायसन पुढं केलं. साहेबांनी ते उघडलं नाही. नुसतं दोन बोटांत धरून दाबून बघितलं. मग म्हणाले, "दहा? शिटा किती हायेत आत, मोजू का?" आणि लायसन खाली टाकलं.

ते धुळीत पडलं. आण्णांनी वाकून उचललं, पँटीला पुसलं आणि कमरेच्या पिशवीतून विसाची नोट काढली. आतून एक म्हातारी म्हणाली, "देऊन टाक की बाबा, मुहूर्त टळायलाय." बाकी सगळे दुसरीकडं बघत होते. मी पण दुसरीकडं बघितलं.

गाडी सुरू करताना आण्णा मला म्हणाले, "कागदं बघत्यात. म्हणून थांबवलं."

मी हो म्हणालो.

आमच्या भागाला नाक्याची भीती जुनी आहे. आजोबा सांगायचे, निजामाच्या राज्यात सोलापूरच्या वाटेवर करोडगिरीचा नाका असे. गुळाची ढेप असो की कापडाचा तागा, हद्द ओलांडताना गाठोडं सोडून दाखवायचं आणि जकात भरायची. गाठोडं सोडणारा बसलेला आणि बघणारा उभा. १९४८ च्या सप्टेंबरात त्याच सोलापूर-नळदुर्गच्या वाटेनं भारताची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. नाका गेला, पण गाठोडं सोडताना पाठ वाकवायची सवय काही घराघरांतून गेली नाही. गाडीवर हात झाला, की आपण आधी चुकलेले असतो. कशात चुकलो ते नंतर कळतं.

या रस्त्यावरचा एकच दिवस मला उलटा आठवतो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत सास्तूर-किल्लारीकडची गावं खाली बसली. आण्णांनी उजाडायच्या आत जीप काढली. सास्तूरकडून उमरग्याला किती खेपा केल्या, त्यांचा त्यांनाच हिशोब नव्हता. सीट काढून टाकल्या होत्या, खाली गोधड्या अंथरल्या होत्या. त्या दिवशी पोलीस जागोजागी होते. ते हात करत होते, पण जखमी आत घालायला. एका हवालदारानं स्वतःचा शर्ट फाडून एका पोराच्या पायाला बांधला, असं आण्णा पुढं कितीतरी वर्षं सांगत. लायसन कुणी मागितलं नाही. घरी आल्यावर त्यांनी सदरा धुवायला टाकला तेव्हा खिशातून पुस्तक निघालं, आत ती दहाची नोट तशीच. तेवढी एक नोट वाचली, असं ते हसत म्हणायचे. मला त्यात हसू कधी आलं नाही.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर गोष्ट खोटी होईल. आण्णांची गाडी भरलेली असायची, हे खरं. पासिंग कधी कधी उलटून गेलेलं असायचं, हेही खरं. शेजारच्या गावच्या एका जीपवाल्याची गाडी पुलावरून खाली गेली. दोन माणसं गेली. विमा संपलेला होता. रोज वीस-तीस रुपये नाक्यावर टाकून तो सुखानं फिरत होता. विम्याला एकदम एवढे पैसे कुठून आणू, म्हणायचा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात खटला चालला. भरपाई त्याच्या डोक्यावर बसली. विहिरीजवळचं सहा एकर रान गेलं. नाक्यावर दिलेल्या वीस रुपयांनी त्याला रस्ता दिला होता, पण त्या रस्त्यावरून पडल्यावर झेलायला काहीच ठेवलं नव्हतं.

आण्णांनी २०१८ साली गाडी सोडली. गुडघे गेले होते. पुढं मी एक पिकअप घेतली, शेतमालासाठी. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, दंड वाढले. आपल्या राज्यात ते नवे दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. त्यानंतर तालुका विधी सेवा समितीचं एक शिबिर झालं. चहा मिळतो म्हणून गेलो होतो. एक वकीलबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मी चहा विसरलो.

त्या म्हणाल्या, "गाडी थांबवली तर थांबायचं. पळायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, हात दिसतील असे ठेवायचे. वर्दीतल्या पोलिसानं मागितलं तर लायसन दाखवावंच लागतं, कलम १३० आहे. तुमचा हक्क त्याच्यानंतर सुरू होतो." मग एकेक सांगत गेल्या. वर्दीवर नावाची पट्टी असते, ती वाचा, नाव विचारायला घाबरू नका. कागद घरी राहिला असेल तर नियम १३९ प्रमाणे पंधरा दिवसांत नेऊन दाखवता येतो. नोव्हेंबर २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला कागद मूळ कागदासारखाच धरतात. लायसन जप्त केलं तर कलम २०६ खाली त्याची पोच द्यावी लागते, आणि त्या पोचीवर तुम्हाला गाडी चालवता येते. गाडी अडकवून ठेवायची तर कलम २०७ मध्ये कारणं लिहिलेली आहेत. वाटेल तेव्हा किल्ली काढून खिशात घालायची, असं त्यात नाही. चलन कबूल नसेल तर कोर्टात सांगा, रस्त्यावर भांडू नका. दारू प्यायल्याचा संशय आला आणि नळीत फुंकायला सांगितलं तर फुंकायचं. अपघातातला जखमी दवाखान्यात पोचवला तर कलम १३४ अ प्रमाणे तुमच्यावर बालंट येत नाही. नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. पैसे मागितले तर १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर.

शेवटी म्हणाल्या, "एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तर दोन शब्द लक्षात ठेवा. पावती द्या."

मी घरी येऊन हे सगळं आण्णांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "बाईला गाडी हाकायला लाव एक दिवस."

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, सोयाबीनचे पंचवीस कट्टे घेऊन लातूरला निघालो. आण्णा शेजारी. आडत्याकडं त्यांना स्वतः यायचं होतं. वाटेत हात झाला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. सगळं शिबिरात सांगितल्यासारखं.

"कुठं निघालाव?"

"लातूरला. सोयाबीन हाये."

"कागदं दाखवा."

मी मोबाईल पुढं केला.

"मोबाईल नको. मूळ कागदं दाखवा."

इथं माझं डोकं फिरलं. खरं तर फिरायचं काही कारण नव्हतं. पण धुळीत पडलेलं लायसन सत्तावीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि त्याचा हिशोब मी या माणसाकडून वसूल करायला निघालो. "साहेब, नियम १३९ वाचलाय का? २०१८ पासून मोबाईलवरचं चालतंय. शिकवू का?" असं मी बोललो. आण्णांनी माझ्या मांडीला चिमटा काढला.

ते हवालदार वयानं माझ्याएवढेच असतील. उन्हात उभं राहून तोंड रापलेलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बरं, चालतंय तर मोबाईलवरचंच बघू." त्यांनी गाडीचा नंबर मशिनीत घातला. एमएच पंचवीस. मग मशिन माझ्याकडं वळवली.

"विमा संपून नऊ दिवस झालेत."

माझ्या तोंडाला कोरड पडली. काढणीच्या गडबडीत तारीख निघून गेली होती. ज्या मोबाईलच्या जोरावर मी बोलत होतो, त्याच्यातच ती तारीख होती. मी पाहिली नव्हती. सहा एकर रान विकणारा तो जीपवाला मला आठवला.

पलीकडं उभा असलेला दुसरा जण सावकाश पुढं आला. "दोन हजाराचं चलन हाये हे. कशाला भरीला पडता? दोनशे द्या अन् निघा."

आण्णांचा हात सदऱ्याच्या डाव्या खिशात गेला. गाडी सोडून चार वर्षं झाली होती, तरी हात बरोबर तिथंच गेला. मी तो हात धरला.

"साहेब," मी म्हणालो, या वेळी खालच्या आवाजात, "चूक माझी हाये. मघाशी बोललो ती पण. पावती द्या."

"येडा हाईस का रं?" आण्णा म्हणाले. "दोनशेत मिटायलंय न्हवं?"

"पावती द्या, साहेब."

चलन झालं. पहिल्या हवालदारांनी सगळं नीट सांगितलं, कुठं भरायचं, कधी भरायचं. जाताना म्हणाले, "निम्मे लोक खिशात हात घालूनच खाली उतरतात. आम्ही तोंड उघडायच्या आधी." त्यांच्या जोडीदारानं आमच्याकडं पाठ केली होती.

विमा नसताना पुढं गाडी हलवायची नाही, हेही मग ओघानं आलं. एजंटाला फोन लावला. पॉलिसी मोबाईलवर यायला दोन तास गेले. तेवढा वेळ आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. लातूरला पोचलो तेव्हा सौदा निघून गेला होता. दोन हजार गेले, दिवस गेला, आणि रात्री आडतीत कट्ट्यांवर झोपायची पाळी आली.

रात्री अंधारात त्यांचा आवाज आला. "मी किती वर्षं गाडी हाकली?"

"अठ्ठावीस."

"रोजचे धा रुपये धर. वर्षाचे तीनशे दिवस."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. "चौऱ्याऐंशी हजार."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यातला एक रुपया कागदावर न्हाई. सरकारला इचारलं तर सरकार म्हणंल, ह्या माणसानं कधी काय चूकच केली न्हाई, अन् कधी काय भरलं पण न्हाई." थोड्या वेळानं, "त्या वऱ्हाडाच्या टायमाला लायसन खाली टाकलं व्हतं. तू बघितलं व्हतंस का?"

"व्हय."

"मला वाटायचं तू बघितलं न्हाईस."

सकाळी सोयाबीन लागलं. मी चलनाचे पैसे मोबाईलवरूनच भरले आणि मेसेज दाखवला. आण्णांनी मान हलवली. "मोबाईलवर नको. त्याचा कागद काढ." म्हणून बाजार समितीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद काढला. त्यांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि डाव्या खिशात ठेवला. आता तो आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, सातबारा आणि बैलजोडीच्या विक्रीच्या चिठ्ठीशेजारी.

पिकअपच्या काचेवर आतल्या बाजूनं मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: विमा, पासिंग, पीयूसी, लायसन, आणि समोर चार तारखा. आण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. दर सोमवारी, अंगारा लावून झाला, की ते ती मोठ्यानं वाचतात. आई आतून विचारते, "हायेत का सगळ्या?"

"हायेत," ते म्हणतात. मग मी गाडी काढतो.