ब्रॉड स्ट्रीटवरचे हॉटेल

फिलाडेल्फियाला गेलेला माणूस तिथली तडा गेलेली स्वातंत्र्यघंटा पाहिल्यावाचून परतत नाही. आम्हीही तो रिवाज पाळला. पण माझे लक्ष होते ब्रॉड स्ट्रीटकडे. नगरभवनाच्या शिखरावर विल्यम पेनचा पुतळा उभा आहे. तिथून दक्षिणेकडे थोडे चालले की वॉलनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डची भव्य इमारत दिसते.

"अहो, उतरायचे नाही ते हॉटेल पाहायचे कशाला?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मग तिथेच पदपथावर उभे राहून मी त्यांना हकीकत सांगितली.

1904 साली उघडलेले हे हॉटेल म्हणजे शहराचे भूषण. 1976 च्या जुलैत, देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या उत्सवी वर्षात, 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे पेनसिल्व्हेनियातले अधिवेशन इथे भरले. भाषणे झाली, मेजवान्या झाल्या, मंडळी आनंदाने घरोघर परतली. आणि चार-आठ दिवसांत एकेक जण तापाने, खोकल्याने अंथरुणाला खिळला. लढाईतून जिवंत परतलेली माणसे न्यूमोनियाने गेली. नुसती हॉटेलासमोरून गेलेली काही माणसेही आजारी पडली. एकूण 221 जणांना बाधा झाली, 34 दगावले.

डुकरांच्या फ्लूची साथ म्हणावी, की विषप्रयोग? तर्कांना ऊत आला. गिऱ्हाइके फिरकेनात, नोव्हेंबरात हॉटेलाला टाळे लागले. अखेर अटलांटाच्या सरकारी प्रयोगशाळेतील जोसेफ मॅकडेड यांनी नाताळच्या दिवसांत जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पूर्वी क्षुल्लक वाटलेले दांडुक्यासारखे जंतू त्यांना स्वस्थ बसू देईनात. जानेवारी 1977 मध्ये गुन्हेगार जाहीर झाला. मेलेल्या सैनिकांवरूनच त्याचे नाव पडले: लीजनेला.

हा जंतू नद्या-तळ्यांत मुळचाच असतो. कोमट, साचलेले पाणी मिळाले की तो फोफावतो. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाला गच्चीवर पाणी गार करणारे मनोरे लागतात. त्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांवर बसून तो श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. या हॉटेलातही संशय तिथेच गेला. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग सहसा लागत नाही, एवढाच दिलासा.

1979 साली हॉटेल नव्या नावाने पुन्हा उघडले. दारातून हसतमुख प्रवासी ये-जा करीत होते. "त्या चौतिसांच्या घरच्यांना या रस्त्याने जाववत असेल का हो?" सौ. हळूच म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आपणही प्रवासाला निघाल. हॉटेलाची खोली बरेच दिवस बंद असावी असे वाटले, तर गरम नि गार दोन्ही नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, तुषारांपासून दूर राहावे. घरी परतल्यावरही तेच करावे. हॉटेलवाल्यांनी साठ्याचे गरम पाणी साठ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये नि मनोरे वेळच्या वेळी धुवावेत. आणि प्रवासाहून आल्यावर दोन आठवड्यांच्या आत घरातल्या वडीलधाऱ्यांना ताप-खोकला झाला, तर कुठे उतरला होतात ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच योग्य औषध मिळाले तर माणूस बहुधा बरा होतो.